लेकीचं डोंगरातलं गाव



अमेरिकेहून येऊन दीड महिना होत आला. दशलक्षण पर्वात बस्तीत जी भेटेल ती एकच विचारायची, "काय काय बघितलंस?" मी वेस्ट व्हर्जिनियाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते कुठे आलं?" नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही, डिस्ने नाही. साडेचार महिने राहून मी अमेरिकेतलं काहीच बघितलं नाही, असं आमच्या जाऊबाईंचं मत आहे.

तेव्हा आज सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा भाग नव्हे. ते वेगळं राज्य आहे. गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा व्हर्जिनिया फुटून दक्षिणेला मिळालं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या लोकांना ते मान्य नव्हतं. ते व्हर्जिनियातून बाहेर पडले आणि २० जून १८६३ रोजी त्यांचं स्वतंत्र राज्य झालं. मला हे ऐकून गंमत वाटली. एकत्र कुटुंबात थोरल्याने चुकीचा निर्णय घेतला म्हणून धाकट्याने वेगळी चूल मांडावी, तसं.

राज्य सगळं अ‍ॅपलेशियन डोंगरांत. सपाट जागा म्हणजे नदीकाठची चिंचोळी पट्टी. तिच्यातच रस्ता, तिच्यातच रेल्वे, तिच्यातच घरं, दुकानं, चर्च. उरलेलं सगळं जंगल. मोठं शहर म्हणावं असं एकही नाही. राजधानी चार्ल्सटन, सोन्याचा मुलामा दिलेला घुमट असलेलं तिथलं विधानभवन १९३२ सालचं, बघण्यासारखं आहे; पण सगळ्या चार्ल्सटनची वस्ती पन्नास हजारांच्या आत. आपली सांगली-मिरज-कुपवाड २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर होती. म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं शहर आपल्या दहाव्या हिश्शाचं! १९५० साली राज्यात वीस लाख माणसं होती, आता अठरा लाखांच्याही आत आहेत. आपण लहानपणापासून लोकसंख्या वाढते एवढंच ऐकलं. माणसं कमी होत जाणारं राज्य मी पहिल्यांदा बघितलं.

माझी लेक तिथल्या एका छोट्या गावात डॉक्टर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आपल्याकडची डॉक्टर ती एकटीच, नाव लिहिणं म्हणजे घराचा पत्ता देणं. ती तिथे कशी पोचली हेही सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या मुली त्याच वाटेवर आहेत. आपल्याकडून डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी जे-वन व्हिसावर गेलं की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ते नको असेल तर जिथे डॉक्टर जायला तयार नसतात अशा ठिकाणी तीन वर्षं काम करायचं. आमच्या लेकीला वेस्ट व्हर्जिनिया मिळालं. आम्ही म्हटलं, तीन वर्षं काय, बघता बघता जातील.

तीन वर्षं गेली. चार झाली. ती काही हलेना. न्यू जर्सीत माझे दीर राहतात. तिथे जैन सेंटर आहे, मुलांची पाठशाळा आहे, एडिसनला गेलं की मेथीच्या जुडीपासून सगळं मिळतं. दिरांनी तिथल्या एका नोकरीसाठी शब्दही टाकून ठेवला होता. नात चार वर्षांची. मी गेले ते फक्त नातीला बघायला नव्हे. लेकीला तिथून हलवायचं असं ठरवून गेले होते. बॅगेत मेतकूट, मुगाच्या वड्या, नातीसाठी परकर-पोलकं आणि मनात हे.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. माझं दिवस मावळायच्या आत जेवायचं व्रत आहे, तुम्हाला माहीत आहेच. मार्च संपत आला होता. सहा वाजता सूर्य समोरच्या डोंगरामागे गेला आणि मी पान उचलून ठेवलं. जावई म्हणाले, "आई, सूर्यास्त पावणेआठला आहे." मी म्हटलं, "मला दिसत नाही तो." ते म्हणाले, "आकाशात उजेड आहे ना?" उजेड होता खरा. नात मध्येच म्हणाली, "आजी, सूर्य गेला नाही, डोंगराच्या मागे बसलाय." तिच्या भाषेत सूर्य रोज तिथे बसतो. सगळे हसले, मी नाही हसले. मी त्या दिवशी उपाशी झोपले आणि मनात न्यू जर्सीच्या बाजूने एक मुद्दा वाढवला: तिथे सूर्य तरी धड दिसतो.

(जूनमध्ये तिथे पावणेनऊला सूर्यास्त होतो. मी शेवटी घड्याळाचाच सूर्यास्त धरला. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर कळवा.)

लेक स्वतः कधी जेवते याला नियम नाही. दवाखान्यातून साडेनऊला येते, उभ्याउभ्या खाते. फ्रिजमध्ये काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या भांड्यांसाठी तिने एक कप्पा वेगळा करून ठेवला होता, एवढं मात्र लिहिते.

आता शेजारच्या बाई. वय सत्तरीचं, एकट्या नातवाला वाढवतात. त्यांची मुलगी आहे, पण नसल्यासारखी. ते पुढे सांगते. मी आल्याचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी टोपलीभर गरम पाव घेऊन आल्या. वरून आपल्या बेकरीतल्या बनपावासारखे, छान तांबूस. त्यांचा आग्रह, माझा संकोच. आपल्याला सवय असते ना, काहीही तोंडात घालण्याआधी मोडून बघायची. मोडला तर आत तांबडं, तेलकट. मांस! हा पेपरोनी रोल. तिथला घरोघरचा पदार्थ. फेअरमाँट गावात इटलीहून आलेले खाणकामगार होते. जमिनीखाली डबा गरम करता येत नाही, एका हाताने खाता यावं, टिकावं, म्हणून एका बेकरीवाल्याने पावातच सागुती भरली. कारण पटलं, पण माझा हात थरथरत होता. बाईंचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या. "या वेळेस मांस नाही, हनी," म्हणाल्या. (त्या सगळ्यांनाच हनी म्हणतात, पोस्टमनलासुद्धा.) आत बटाटा होता. आता कंदमुळाचं यांना कसं सांगायचं? लेकीने सांगितलं. जमिनीखालचं खात नाही, उपटलं की झाड जातं आणि मुळाशी असंख्य जीव असतात. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, आता या काही परत येत नाहीत. तिसऱ्या खेपेला आत सफरचंदाचा मुरंबा. तिथे त्याला अ‍ॅपल बटर म्हणतात, पण लोणी नावालाही नसतं. मोठ्या तांब्याच्या कढईत सफरचंदं दिवसभर लाकडी दांड्याने ढवळत आटवतात, दालचिनी घालतात. गुऱ्हाळावर काकवी होताना जसा वास दरवळतो ना, तसा त्याचा फोटो बघूनच मला आला. गोल्डन डिलिशस नावाचं पिवळं सफरचंद आपल्याकडे मॉलमध्ये मिळतं, ते मूळचं याच राज्यातलं, क्ले काउंटीतलं. पावात अंडं नाही ना हे विचारायचं मला धाडस झालं नाही. लेकीने हळूच विचारलं, नव्हतं.

एप्रिलमध्ये वेगळंच संकट. रॅम्प्स नावाची रानभाजी येते. दिसायला भुईतून वर आलेली रुंद हिरवी पानं, खाली पांढरा कांदा, आणि वास कांदा-लसणाचा दहापट. हिवाळ्यानंतर जंगलात उगवणारी ही पहिली हिरवळ, म्हणून लोक वेडे होतात. रिचवुड नावाच्या गावात तर तिच्या नावाने जेवणावळी घालतात. खाणाऱ्याच्या अंगाला दोन दिवस वास येतो. ज्या घरात चाळीस वर्षं लसूण चिरला गेला नाही तिथून आलेल्या मला ते दिवस कसे गेले विचारू नका. खिडक्या बंद, उदबत्ती चालू.

पण एका सकाळी मी बाईंबरोबर फिरायला म्हणून घरामागच्या रानात गेले. त्या रॅम्प्स काढत होत्या. मी मुद्दाम लांब उभी राहिले. बघते तर त्या उपटत नव्हत्या. छोट्या चाकूने एका झाडाचं एकच पान कापायच्या आणि पुढे जायच्या. कांदा मातीत तसाच. मी खुणेने विचारलं. म्हणाल्या, आजीने असंच शिकवलं, उपटलं तर सात-आठ वर्षांत रान मोकळं होतं. त्यांच्या घरी फ्रीजर हरणाच्या मांसाने भरलेला असतो, हेही मला माहीत होतं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हरणांच्या शिकारीसाठी तिथल्या कितीतरी शाळांना सुट्टी असते. या दोन गोष्टी एका बाईत कशा राहतात, याचा मी परतेपर्यंत विचार करत होते. अजून करते.

त्यांच्या मुलीचं सांगायचं राहिलं. वेस्ट व्हर्जिनियात कोळसा आणि लाकूड. खाणीत पाठ मोडते, गुडघे जातात. मग दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आल्या, अफूच्या जातीच्या. कर्मिट नावाचं खेडं आहे, वस्ती चारशेच्या आसपास. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळपास ९० लाख गोळ्या पाठवल्या गेल्या! चार्ल्सटनच्या वर्तमानपत्राने हे उघडकीला आणलं आणि त्या पत्रकाराला २०१७ सालचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. अशा गोळ्यांनी आणि पुढच्या नशेने किती वर्षं हे राज्य अमेरिकेत मृत्यूंच्या यादीत सगळ्यात वर राहिलं. आजी-आजोबांनी नातवंडं वाढवायची, हे तिथे घरोघरी. आपल्याकडेही आजी नातवंडं सांभाळते, पण संध्याकाळी त्यांची आई घरी येते. शेजारच्या बाईंची मुलगी कुठे आहे ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. माझी लेक त्या नातवाची डॉक्टर. त्याच्यासारखी आणखी कितीतरी.

मे महिन्यात मदर्स डे आला. आपण या दिवसाला नावं ठेवतो, मीही ठेवते. आईचा एकच दिवस कसा, वगैरे. तर हा दिवस सुरू झाला तो याच राज्यात, ग्राफ्टन नावाच्या गावात. आम्ही तिघी गेलो. गाव पाच हजारांच्या आतलं. कधीकाळी रेल्वेचं मोठं ठाणं, स्टेशनची भव्य इमारत अजून उभी आहे, पण गाड्यांची ती वर्दळ गेली. लाल विटांचं मेथॉडिस्ट चर्च. तिथे १० मे १९०८ रोजी पहिला समारंभ झाला. अ‍ॅना जार्व्हिस नावाच्या बाईने आपल्या आईच्या आठवणीसाठी तो घडवून आणला. ती स्वतः फिलाडेल्फियात होती, तिने पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली होती. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो देशभराचा दिवस केला. मग फुलवाले आणि कार्डवाले तुटून पडले. अ‍ॅनाला ते असह्य झालं. आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजाराविरुद्ध ती भांडत राहिली, पैसा त्यातच गेला, आणि १९४८ मध्ये एका सॅनिटोरियममध्ये ती वारली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं.

मला अ‍ॅनाची दया आली. लेक म्हणाली, "तिचं सोड, तिच्या आईचं वाच." आई अ‍ॅन रीव्ज जार्व्हिस. डझनभराच्या आसपास मुलं झाली, मोठी झाली ती चारच. बाकीची गोवर, टायफॉइड, घटसर्पासारख्या साथींत गेली असणार. या बाईने रडत न बसता १८५८ साली आसपासच्या पाच गावांत आयांचे क्लब काढले. भाऊ डॉक्टर होता, त्याची मदत. दूध तपासायचं, पाणी-स्वच्छतेचं शिकवायचं, औषधाला पैसे जमवायचे, जिची आई क्षयाने अंथरुणाला खिळली त्या घरी बाई नेमून द्यायची. युद्ध पेटल्यावर दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांची सेवा केली. फुलांचा कुठे पत्ताच नाही.

परतताना फिलिपी गावात लाकडी पूल लागतो. आपल्याकडे असं काही नाही, म्हणून सांगते. पुलावर घरासारखं छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंती, म्हणजे लाकूड पावसाने कुजू नये. १८५२ सालचा. १९८९ मध्ये जळाला, पुन्हा तसाच उभा केला. अजून त्यावरून हमरस्त्याची वाहतूक जाते. गाडी त्या अंधाऱ्या पुलात शिरली आणि लेक म्हणाली, "आई, मी न्यू जर्सीला जाणार नाहीये. काकांना सांग. मी इथेच राहणार."

मला काय झालं कोण जाणे. सहा आठवडे साठवलेलं सगळं बाहेर आलं. पोरीला णमोकार म्हणताना शेजारी बसायला कुणी नाही, सण नाही, पाठशाळा नाही, सगळ्यात जवळचं मंदिर म्हणजे पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिलचं हिंदू-जैन मंदिर, तेही अडीच-तीन तासांवर. आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या हट्टापायी तू पोरीला या डोंगरात पुरते आहेस."

ती काही बोलली नाही. पूल संपला, ऊन आलं. मागच्या सीटवर नात झोपलेली होती, तेवढं एक बरं.

त्यानंतर घरात आम्ही बोलायचो ते भाजी, औषध, दूध याबद्दल. जावईबापू बिचारे मध्ये. एक दिवस मला बरं वाटावं म्हणून त्यांनी गाडी काढली आणि ग्रीन बँकला नेलं. तिथे शंभर मीटर रुंद तोंडाची दुर्बीण आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणारी. त्या फार क्षीण असतात म्हणून १९५८ पासून तो सगळा मुलुख शांत ठेवलाय. गावात मोबाइलला रेंज नाही, दुर्बिणीजवळच्या घरांत मायक्रोवेव्हचीही कुरकुर चालत नाही. गावच्या गाव मौनव्रत घेऊन बसलेलं. मला आमच्या घराची आठवण झाली, काय सांगू.

थरमंडही बघितलं. कोळशाच्या भरभराटीत तिथे बँक होती, हॉटेलं होती, रेल्वेचा पैसा वाहत होता. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती पाच. हो, पाच माणसं! रूळ आहेत, स्टेशन आहे, हात केला तर गाडी थांबते म्हणे. बँकेच्या रिकाम्या इमारतीसमोर मी उभी होते आणि मला माझ्या माहेरचा वाडा दिसत होता. सोळा खणांचा, आता त्यात वहिनी एकटी.

जूनमध्ये शेजारच्या बाईंना फेअरमाँटला जायचं होतं, मला म्हणाल्या चल. येताना त्यांनी गाडी मोनोंगाह गावात थांबवली. ६ डिसेंबर १९०७. सकाळी खाणीत स्फोट झाला, अधिकृत आकड्याप्रमाणे ३६२ माणसं गेली. अमेरिकेच्या खाणींतला सगळ्यात मोठा अपघात तो. बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेली, इटली, पोलंड, कुठली कुठली. शेकडो बायका एका सकाळी विधवा झाल्या. पुढच्याच उन्हाळ्यात फेअरमाँटच्या एका चर्चमध्ये या गेलेल्या बापांसाठी प्रार्थना झाली. पहिला फादर्स डे तो, असं तिथले लोक मानतात. ग्राफ्टनच्या मदर्स डेनंतर दोनच महिन्यांनी आणि तासाभराच्या आतल्या अंतरावर.

गावात त्या विधवांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे. तिथे उभं राहून बाईंनी सांगितलं ते असं. एका विधवेच्या नवऱ्याचं प्रेत मिळालंच नाही. ती रोज खाणीवर जायची, एक पोतं कोळसा उचलून घरी आणायची आणि दाराजवळ ओतायची. जाळायची नाही, विकायची नाही. का, तर तेवढंच नवऱ्याच्या अंगावरचं ओझं कमी होईल म्हणून. एकोणतीस वर्षं. घराशेजारी कोळशाचा डोंगर झाला.

मैत्रिणींनो, पाठशाळेत आपण श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा धंदे पाठ केले होते, त्यात जमीन फोडण्याचा धंदा आहे. कोळशाच्या गावांकडे मी त्याच नजरेने बघत आले होते, आणि घरी ज्या दिव्याखाली स्वाध्याय करते तो कशावर जळतो हे कधी मनात आलं नव्हतं. पण तिथे ते काही सुचलं नाही. मला फक्त माझा पुलावरचा शब्द आठवला. पुरते आहेस. ज्या राज्यात घरटी एखादा माणूस खरोखर पुरला गेला, तिथे बसून मी तो शब्द वापरला होता, आणि तोही माणसं बरी करणाऱ्या माझ्या पोरीला.

परतल्यावर लेकीला काही म्हणाले असं नाही. जमलं नाही. दिरांना मात्र फोन केला, की त्या नोकरीचं राहू द्या. ते म्हणाले, "वहिनी, मनात आणलं तर अजून होईल." मी म्हटलं, राहू द्या.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. रोज सकाळी नात आणि मी मागच्या पायरीवर बसून णमोकार म्हणायचो. शेजारचा नातू कुंपणापाशी उभा राहायचा. पहिल्या दोन ओळी त्यालाही यायला लागल्या, उच्चार काहीच्या बाही, पण मी दुरुस्त केले नाहीत. लेकीच्या दवाखान्यातही एकदा गेले. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ ऑक्सिजनची नळी लावून बसले होते, खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेली. मी डॉक्टरची आई हे कळल्यावर ते उठून उभे राहिले. मी खाली बसा, खाली बसा करते आहे मराठीतच, आणि ते उभेच.

ऑगस्टच्या मध्याला परतले. बॅगेत बाईंनी दिलेल्या अ‍ॅपल बटरच्या दोन बरण्या, साड्यांत गुंडाळून. एक जाऊबाईंना दिली. अमेरिकेतलं काहीच बघितलं नाहीस म्हणाल्या त्याच जाऊबाई. बरणी मात्र आठवड्यात संपवली.

मग दशलक्षण आलं, गेलं. क्षमावाणीच्या दिवशी पहाटे पाचला उठून मी आंघोळ करून बस्तीत जायच्या तयारीत होते. तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. कुणाकुणाची क्षमा मागायची याची दरवर्षी मनात यादी होते, या वर्षी एकच नाव होतं. फोन लावला. लेक दवाखान्यातून निघत होती. मी म्हटलं, "उत्तम क्षमा." तीही म्हणाली. दरवर्षी एवढ्यावर संपतं. मी म्हटलं, "पुलावर बोलले त्याची."

पलीकडे बराच वेळ फक्त गाडीचा आवाज.

"मला आठवतोय तो शब्द, आई," ती म्हणाली. "विसरले असं नाही म्हणणार. पण असू दे. घरी पोरीला फोन कर, ती वाट बघत असेल."

केला. नात म्हणाली, "आजी, मम्मी यायची आहे. सूर्य डोंगरामागे बसलाय, पण अजून उजेड आहे. मी जेवले."

"काय जेवलीस?"

"वरणभात. आणि शेजारच्या ग्रँडमाने दिलेला पाव. मी आधी मोडून बघितला."